लिहिणे शिकवण्याचा परवाना

‘लिहिणे-वाचणे’ हा आपल्या भाषेतला जोडशब्द आहे. मूल शाळेत जाऊ लागले की ते लिहू-वाचू लागणार, हे आपण गृहीतच धरतो. ‘ग’ वाचणारे मूल त्याच आठवड्यात ‘ग’ गिरवतही असते. या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतील, इतकेच नव्हे तर त्या दोन वेगळ्या धंद्यांत वाटल्या जातील, अशी कल्पना आपल्या मनात सहसा येत नाही.

पण सुमारे सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिस शहरात नेमके तसे होते. वाचायला शिकवणारे मास्तर वेगळे आणि लिहायला शिकवणारे वेगळे. दोघांच्या शाळा वेगळ्या, फी वेगळी आणि वरिष्ठही वेगळे. वाचनाच्या शाळेतल्या मास्तराने मुलाला तीन ओळींपेक्षा जास्त कित्ता घालून दिला तर त्याच्यावर खटला होऊ शकत असे! लेखन शिकवण्याचा हक्क एका संघटनेने राखून ठेवला होता. पॅरिसच्या लेखनगुरूंची ही श्रेणी १५७० साली स्थापन झाली आणि १७९१ साली संपुष्टात आली. (आपल्या प्राचीन ग्रंथांत सोनार, विणकर, तेली अशा धंदेवाल्यांच्या संघटनांना ‘श्रेणी’ म्हटले आहे. येथे तोच शब्द वापरू.) आपल्या रोजच्या कामाशी या श्रेणीचा संबंध वाटतो त्याहून बराच जवळचा आहे.

छापखाना आल्यावर

पॅरिसमध्ये पहिला छापखाना १४७० साली सुरू झाला. त्याआधी विद्यापीठाच्या परिसरात हाताने ग्रंथ उतरवून देणाऱ्या लेखकूंची मोठी वस्ती होती. छापखान्याने त्यांचे ग्रंथांचे काम हळूहळू काढून घेतले. मग हे लेखकू बेकार झाले का? सगळेच नाही झाले. गंमत अशी की, छापखान्याच्या पहिल्या शंभर वर्षांत हाताने लिहिण्याचे काम कमी न होता वाढत गेले. फक्त त्याचे स्वरूप बदलले. ग्रंथांच्या जागी आता पत्रे, हिशेबाच्या वह्या, करारनामे, अर्ज आणि सरकारी हुकूम आले. व्यापार वाढत होता, राज्यकारभार वाढत होता आणि दोघांनाही कागद लागत होता.

यात कायद्याने भर घातली. १५३९ साली फ्रान्सच्या राजाने व्हिलेर-कॉतरे येथून एक मोठा वटहुकूम काढला. न्यायालयाचे कामकाज यापुढे लॅटिनमध्ये न लिहिता फ्रेंचमध्ये लिहावे आणि चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवावी, असे त्यात सांगितले होते. त्यानंतर १५६६ साली मूलँ येथे दुसरा वटहुकूम निघाला. शंभर लिव्र (त्या काळचे फ्रेंच चलन) या रकमेपेक्षा मोठा व्यवहार असेल तर तो लेखी असलाच पाहिजे. त्याविषयी नुसत्या तोंडी साक्षी चालणार नाहीत, असा त्याचा आशय होता.

या नियमाने केवढा बदल झाला ते पाहा. तोवर चार प्रतिष्ठित माणसांनी शपथेवर सांगितले की व्यवहार सिद्ध होत असे. आता माणसाच्या शब्दापेक्षा कागद वरचढ ठरला. पण कागद वरचढ ठरला की खोटा कागद तयार करणेही फायद्याचे होते. साक्षीदार फोडण्यापेक्षा सही उठवणे सोपे!

१५७० सालची सनद

अशा वातावरणात खुद्द राजाच्या सहीची नक्कल झाल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्या वेळी नववा शार्ल हा राजा गादीवर होता. सही खरी की खोटी हे ओळखणार कोण? ज्यांचा सगळा जन्म अक्षरे वळवण्यात गेला, तेच. तेव्हा निवडक लेखनगुरूंना एकत्र करून १५७० साली राजाने सनद दिली. वादग्रस्त हस्ताक्षरांची तपासणी करून न्यायालयात शपथेवर मत देण्याचा अधिकार या मंडळींना मिळाला. त्याच्या जोडीला, पॅरिस शहरात लेखन आणि हिशेब शिकवण्याचा हक्कही त्यांच्याकडे आला.

ही जोडी नीट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ तिच्यात आहे. अक्षराची पारख आणि अक्षराचे शिक्षण ही दोन कामे एकाच संघटनेकडे आली. पारखीचे काम राज्याला हवे होते. शिक्षणाचा हक्क हा त्याचा मोबदला होता. इतर धंद्यांतल्या श्रेणींप्रमाणे येथेही उमेदवारी आली, प्रवेशासाठी परीक्षा आली, शुल्क आले आणि ‘बाहेरच्यांनी हे काम करू नये’ हा नियमही आला.

पीस, शाई आणि कागद

हे लोक खोटे अक्षर ओळखत तरी कसे? त्यासाठी त्यांची साधने पाहायला हवीत.

लेखणी हंसाच्या जातीच्या पाळीव पक्ष्याच्या, म्हणजे बदकाहून मोठ्या ‘गूज’ पक्ष्याच्या पिसाची असे. पंखाच्या कडेची मोठी पिसे घेत. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डाव्या पंखातले पीस सोयीचे पडते, कारण त्याचा बाक डोळ्यांपासून दूर जातो. ताजे पीस मऊ आणि तेलकट असते. ते गरम राखेत किंवा वाळूत धरले की तेलकटपणा जातो आणि नळी कडक होते. मग छोट्या चाकूने टोक तासायचे, मधोमध चीर द्यायची आणि टोक तिरके किंवा सरळ छाटायचे. टोक टोकदार नसून कडेला पातळ, पट्टीसारखे असते. म्हणून लेखणी एका दिशेने ओढली की रेघ जाड येते आणि दुसऱ्या दिशेने ओढली की बारीक येते. बोरूने देवनागरी लिहिताना हाच अनुभव येतो.

शाई मायफळापासून करत. मायफळ म्हणजे ओक झाडावर कीटकाने अंडी घातल्यामुळे येणारी गाठ. तिच्यात टॅनिन भरपूर असते. मायफळाच्या काढ्यात हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, घातले आणि दाटपणासाठी थोडा डिंक मिसळला की शाई तयार. या शाईचे रसायन मोठे मजेदार आहे. लिहिताना ती फिकी दिसते. कागदावर हवेतला ऑक्सिजन मिळाला की तिच्यातल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि पाण्यात न विरघळणारे काळे संयुग तंतूंमध्ये बसते. म्हणून ही शाई पुसली जात नाही. विळीवर चिरलेला आवळा काळा पडतो तो याच क्रियेमुळे. आवळ्यात टॅनिन आणि विळीत लोखंड!

कागद चिंध्यांच्या लगद्याचा असे आणि शाई फुटू नये म्हणून त्याला प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाची खळ दिलेली असे.

आता खोटा कागद करणाऱ्याची अडचण पाहा. आकडा बदलायचा तर जुनी शाई खरवडावी लागते. खरवडले की खळ निघून जाते, कागद केसाळ होतो आणि नवी शाई त्या जागी फुटते. कागद उजेडासमोर धरला तर ती जागा पातळ दिसते. सही उठवायची तर अक्षराचा आकार जमेलही, पण हाताचा वेग जमत नाही. स्वतःची सही करणारा माणूस विचार न करता हात फिरवतो. नक्कल करणारा जपून लिहितो. त्यामुळे रेघ थरथरते, लेखणी नको तेथे उचलली जाते, जाड-बारीक रेघांची जागा चुकते. दिवसभर शिष्यांचे कित्ते तपासणाऱ्या लेखनगुरूला हे चटकन दिसत असे. आपल्यालाही अनुभव आहेच. चाळीस वह्यांच्या गठ्ठ्यातून एका मुलाचा गृहपाठ त्याच्या ताईने लिहून दिला असेल तर आपल्याला ते ओळखू येतेच!

झाक रावनो या लेखनगुरूने १६६६ साली खोटी अक्षरे कशी ओळखावीत यावर पुस्तकच छापले. पण त्यात बनावटीच्या इतक्या युक्त्या समजावून सांगितल्या होत्या की, चोरांनाच त्याचा उपयोग होईल या भीतीने त्याच्या विक्रीवर बंदी आली.

अक्षराचे प्रमाण

अक्षर तपासायचे तर आधी प्रमाण अक्षर कोणते ते ठरायला हवे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ज्याचे त्याचे वळण होते. १६३३ साली हा प्रश्न पॅरिसच्या पार्लमांपुढे गेला. (पार्लमां म्हणजे त्या काळचे वरिष्ठ न्यायालय. आजच्या अर्थाने संसद नव्हे.) श्रेणीने आपल्यातल्या दोघांकडून नमुने करून घेतले. लुई बार्बदोर याने ‘रोंद’ या उभ्या, गोल वळणाचा नमुना लिहिला. ल बे याने इटलीहून आलेल्या ‘बातार्द’ या तिरक्या वळणाचा नमुना लिहिला. लेखनगुरूंनी यापुढे हीच अक्षरे शिकवावीत, असे न्यायालयाने ठरवले.

अक्षराचे वळण न्यायालयाच्या निकालाने ठरावे, याचे आज नवल वाटते. पण त्यात एक शहाणपणही होते. दुसऱ्या गावच्या कारकुनाने लिहिलेला कागद वाचता आला पाहिजे, ही राज्याची खरीच गरज होती. मापे आणि वजने प्रमाणित करावी तसाच हा प्रकार. श्रेणीने हे काम चांगले केले, यात शंका नाही.

तीन ओळींची मर्यादा

खरे भांडण शिकवण्यावरून झाले. पॅरिसच्या गल्ल्यागल्ल्यांत ‘छोट्या शाळा’ होत्या. त्या नोत्र-दाम चर्चमधल्या एका धर्माधिकाऱ्याच्या हाताखाली चालत. तेथे मुले प्रार्थना आणि वाचन शिकत. पण पालकांना वाटे की, एवीतेवी मूल येथे येतेच आहे तर थोडे लिहायलाही शिकवा. मास्तरही शिकवू लागले. लेखनगुरूंनी तक्रार केली. कितीतरी वर्षे खटले चालले. शेवटी १६६१ साली पार्लमांने मधला मार्ग काढला: छोट्या शाळांच्या मास्तरांनी लिहिण्याचे धडे द्यावेत, पण कित्ता तीन ओळींपेक्षा मोठा नसावा.

तीन ओळींत नाव लिहिता येते, एखादे वचन लिहिता येते. पत्र किंवा पावती लिहायला शिकायचे असेल तर मात्र लेखनगुरूकडे वेगळी फी भरून जायला हवे.

लेखनगुरूंची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांनी उमेदवारीत वर्षे घालवली होती, परीक्षा दिली होती, शुल्क भरले होते. न शिकलेल्या माणसाने वाईट वळण लावले तर ते पुढे सुटत नाही, हे त्यांचे म्हणणे कोणाही शिक्षकाला पटेल. प्रश्न एवढाच होता की, ज्याच्याजवळ फी नाही त्या मुलाने काय करायचे?

गरिबांच्या शाळेवर जप्ती

हा प्रश्न ज्याँ-बाप्तिस्त द ला साल या धर्मगुरूने ऐरणीवर आणला. त्याने १६७९ साली रँस या गावी गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढायला सुरुवात केली आणि १६८८ साली तो पॅरिसच्या सँ-स्युल्पिस भागात आला. त्याच्या शाळांत तीन गोष्टी नव्या होत्या. मुलांना एकेकटे न शिकवता वर्ग करून एकदम शिकवत. वाचनाची सुरुवात लॅटिनऐवजी मुलांच्या फ्रेंच भाषेतून होई. आणि वाचन, लेखन, हिशेब हे सारे एकाच छपराखाली, फुकट मिळे.

या शाळांच्या शिक्षकांसाठी लिहिलेली मार्गदर्शिका १७२० साली छापून निघाली. तिच्यात लेखनाविषयी आलेल्या सूचना आजही वाचाव्यात अशा आहेत. मुलाने कसे बसावे, कागद कसा ठेवावा, पीस कसे तासावे, हे सारे त्यात आहे. बोटांची पकड बसावी म्हणून नवशिक्या मुलाला आधी लेखणीएवढी जाड काडी द्यावी आणि बोटे कोठे ठेवायची ते कळावे म्हणून तिला खाचा पाडाव्यात, असेही सांगितले आहे. म्हणजे श्रेणीच्या बाहेरचे शिक्षक वाईट वळण लावतात, हा आक्षेप येथे तरी टिकणारा नव्हता.

पण फुकट मिळणाऱ्या चांगल्या शिक्षणाकडे फी भरणारी मुलेही वळू लागली. १७०४ साली लेखनगुरूंनी पोलीस अधिकाऱ्याकडे फिर्याद केली: या शाळांत गरिबांबरोबर ऐपतदारांची मुलेही घेतात आणि आमच्या पोटावर पाय येतो. अधिकाऱ्याने श्रेणीच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या सामानावर जप्ती आली, दंड झाला. १७०६ साली पार्लमांनेही तोच निकाल कायम केला. शाळा काही काळ बंद पडल्या. नंतर त्या उघडल्या, पण प्रवेशासाठी मूल खरोखर गरीब असल्याचा दाखला आणावा लागे. तोवर द ला साल याने आपले मुख्य ठाणे रुआँ येथे हलवले होते. तेथे पॅरिसच्या श्रेणीचा हुकूम चालत नसे. श्रेणी खटला जिंकली, पण द ला सालची पद्धत फ्रान्सभर पसरत गेली.

गुपित उघडे झाले

श्रेणीच्या हक्काला दुसरा सुरुंग लावला तो छपाईने, आणि तोही लेखनगुरूंच्याच हातून. आपले कौशल्य दाखवण्यासाठी ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून घेतलेल्या कित्त्यांची पुस्तके छापत. पुस्तक बाजारात आले की कित्ता कोणालाही मिळणार. १७६३ साली दिदरोच्या प्रसिद्ध विश्वकोशाच्या चित्रखंडात पायासाँ या लेखनगुरूने बसण्याच्या ढबीपासून पीस तासण्यापर्यंत सगळी कला चित्रांसह समजावून दिली.

काळ बदलतो आहे हे श्रेणीलाही कळत होते. १७६२ साली तिच्यातल्या मंडळींनी लेखनाची राजमान्य अकादमी काढली. १७७९ साली तिच्या जागी ‘लेखनाचे अकादमिक मंडळ’ आले. अक्षरतपासणी, हिशेब आणि व्याकरण हे त्याचे विषय होते. पण फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९१ साली, सगळ्याच श्रेणी कायद्याने बंद झाल्या आणि लेखन शिकवण्याचा परवाना इतिहासजमा झाला.

श्रेणीचे दुसरे काम, म्हणजे अक्षरपारख, न्यायालयात चालूच राहिले. ते चुकले तर काय होते, हे १८९४ साली दिसले. ड्रायफस या लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा आरोप आला. पुरावा म्हणजे एक हस्तलिखित कागद. तज्ज्ञांपैकी दोघांनी हे अक्षर ड्रायफसचे नाही असे सांगितले, तिघांनी आहे असे सांगितले. तिघांपैकी बर्तियाँ हा माणसांची शरीरमापे घेऊन गुन्हेगार ओळखण्यात वाकबगार होता, अक्षरांत नव्हे. अक्षर जेथे जुळत नाही तेथे ड्रायफसने मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली, असे त्याने ठरवून टाकले! १९०४ साली प्वँकारे, दार्बू आणि अपेल या तीन गणितज्ञांनी त्याचे संभाव्यतेचे सारे गणित चुकीचे असल्याचे दाखवून दिले. १९०६ साली ड्रायफस निर्दोष ठरला. जुळले तरी पुरावा आणि नाही जुळले तरी पुरावा, अशा तर्काला शास्त्र म्हणत नाहीत, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

सह्यांची मोजणी

वाचन आणि लेखन अलग ठेवण्याचा परिणाम किती झाला, हे मोजता येईल का? १८७७ साली लुई माजिओलो या निवृत्त शिक्षणाधिकाऱ्याने फ्रान्सभरच्या शिक्षकांना एक काम सांगितले. गावातल्या जुन्या विवाह-नोंदवह्या पाहा आणि किती वधूवरांनी सही केली ते मोजा. सुमारे १६,००० शिक्षकांनी ही मोजणी करून पाठवली. इतिहासाचे एवढे मोठे काम गावोगावच्या गुरुजींनी मिळून केले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशी आहे.

उत्तर असे आले: १६८६ ते १६९० या काळात शेकडा २९ पुरुष आणि १४ स्त्रिया सही करत. १७८६ ते १७९० मध्ये हे आकडे ४७ आणि २७ झाले.

पण या आकड्यांवरून किती जण साक्षर होते ते कळते का? येथेच आपला विषय पुन्हा येतो. ज्या समाजात वाचन आधी आणि लेखन नंतर, तेही वेगळ्या पैशांनी शिकवतात, तेथे वाचता येते पण सही करता येत नाही अशी माणसे असणारच. त्यांत मुली जास्त. त्यांना धर्मपुस्तक वाचता यावे एवढे शिकवत आणि लेखणीऐवजी सुई हातात देत. सहीच्या मोजणीत अशा मुली निरक्षर ठरतात. आपण जे मोजतो तेच आपल्याला दिसते, हे विसरून चालत नाही.

धूळपाटीची आठवण

आधी वाचन, मग लेखन हा क्रम मुलाच्या बुद्धीमुळे ठरला होता का? तसे दिसत नाही. पीस तासायला कौशल्य लागे, कागद महाग होता, शाई सांडे. आणि शिकवण्याचा हक्क दुसऱ्याकडे होता. क्रम ठरला तो साधनांमुळे आणि कायद्यामुळे. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर बोटाने किंवा काडीने धुळाक्षरे काढी. अक्षर म्हणता म्हणता हात फिरवी. धुळीला पैसे पडत नाहीत आणि चुकलेले अक्षर तळहाताने पुसता येते. साधन स्वस्त असल्यामुळे वाचन आणि लेखन तेथे पहिल्या दिवसापासून बरोबर चालू शकले. त्या शाळेची दारे सर्वांना उघडी नव्हती, हेही तितकेच खरे. पण ती बंद ठेवणारे कारण धुळीची किंमत हे नव्हते.

वर्गात दोन गोष्टी सहज करता येतील. आवळ्याचा रस किंवा चहाचा कोरा, घट्ट अर्क घ्यावा. त्यात हिराकशीचे द्रावण थेंबथेंब टाकावे. बोरू किंवा काडी त्यात बुडवून मुलांनी लिहावे आणि दर तासाने अक्षर किती काळे झाले त्याची नोंद ठेवावी. (हिराकस तोंडात जाऊ देऊ नये, हात धुवावेत.) दुसरे म्हणजे, मुलांनी एकमेकांच्या सहीची नक्कल करावी आणि ती भिंगाखाली पाहून ‘हात कोठे थांबला, कोठे थरथरला’ याची यादी करावी. निष्कर्ष काढताना मात्र एक अट घालावी: नक्कल कोणती आणि खरी सही कोणती, हे तपासणाऱ्याला आधी सांगायचे नाही. बरोबर उत्तरे किती आणि चुकीची किती, ते फळ्यावर मांडावे. १८९४ साली एवढी साधी काळजी कोणी घेतली नव्हती.